बेसिनवाले आणि घड्याळवाले

"वायर कुठल्या भोकात खुपसायची ते तुम्ही ठरवा," परांडेकर मॅडम म्हणाल्या. "आम्ही बाहेर थांबतो. झालं की कुलूप लावा, किल्ली खिशात टाका, आणि मी मरायला टेकले तरी मला सांगू नका."

"मरायला टेकल्यावर बघू," मी म्हणालो.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या मागं उभा असलेला सॅमसन भोरे हसला. लॅबमधल्या वायरी, मीटर, अँटेना हे सगळं तो सांभाळायचा आणि रविवारी मिरजेच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचा. त्यानं मला परत एकदा समजावलं.

"काका, या लोखंडी पेटीत वायर एकच आहे आणि भोकं दोन. पेटीसमोर उभं राहिलं की उजव्या हाताचं भोक उजव्या हाताच्या भिंतीचं, डाव्याचं डाव्या. ज्या भिंतीला वायर जाईल तिथल्या उंदरांना मोबाईलच्या लहरी. दुसऱ्या भिंतीला अँटेना तशीच उभी, पण मुकी. बघून कळणार नाही, ऐकून कळणार नाही. फक्त तुम्हाला ठाऊक."

"मी उजवा-डावा ओळखतो," मी म्हणालो. "चौतीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतोय. अख्खं पान उलटं वाचतो मी. तू सुलटं तरी वाचतोस का?"

दोघं बाहेर गेले. दार लोटलं गेलं. पेटी दाराशेजारीच भिंतीवर होती. मी तिच्यापुढं उभा राहिलो, पाठीमागं पिंजऱ्यांतल्या पांढऱ्या उंदरांची खसफस चालू. कामाला उजवा हात म्हणून वायरीची पिन उजव्या भोकात खुपसली. पेटी मिटली. माझ्या प्रेसचं पितळी कुलूप लावलं. वरून माझ्या हातानं छापलेली कागदी पट्टी चिकटवली. पट्टीवर माझं नाव होतं, 'भूपाल चौगुले', आणि त्यातला 'भ' एका कोपऱ्याला तुटका. असा तुटका खिळा साऱ्या जिल्ह्यात फक्त माझ्या छापखान्यात. कुणी पट्टी फाडून दुसरी लावली तर मला तिथल्या तिथं कळणार होतं. मी यांच्यावर काडीचा विश्वास ठेवणार नव्हतो.

ठेवायचा का म्हणून? माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं खिळ्यांनी शिकवलं. लोकांची लग्नं, मयती, निवडणुका मी छापल्या, आणि ज्या दिवशी दुसऱ्याचं छापायला नसायचं त्या दिवशी स्वतःचं छापायचो. आमदाराच्या विरोधात छापलं, पाणीपुरवठ्याच्या विरोधात छापलं, मार खाल्ला, परत छापलं. आक्काच्या घराला लागून असलेल्या इमारतीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला आणि पुढच्या वर्षी आक्काच्या डोक्यात गाठ निघाली, तेव्हा मला शास्त्रज्ञाला विचारायची गरज वाटली नाही. मी सरळ मथळा जुळवला: 'टॉवर पेरा, गाठी उगवा'.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. डोक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ साध्या जातीची आहे, पण वाढतेय आणि डोळ्याच्या नसेवर चढतेय, काढून टाका. आक्काचा डावीकडचा उजेड कमी होत चालला होता. ती चहा गाळायची तर थोडा कपाबाहेर जायचा.

"डोकं फोडून घ्यायची घाई नाही," ती म्हणायची. "भूपा टॉवर पाडतोय. कारण गेलं की गाठ बसंल."

हे वाक्य तिचं नव्हतं. माझ्या पत्रकातलं होतं.

मग कळलं की मिरज रोडच्या एका संस्थेत कुणी बाई उंदरांच्या मेंदूत गाठी बसवून त्यांना मोबाईलच्या लहरी देणार आहे. मी लगेच दुसरं पत्रक काढलं: 'उंदीर संस्थेचे, पैसा कंपनीचा, निकाल आजच जाहीर'. दोन दिवसांनी एक बाई माझ्या प्रेसमध्ये आली. पन्नाशीची, केस कापलेले, हातात माझंच पत्रक. याच परांडेकर मॅडम.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं, जुळवलं, छापलं, वाटलं. काय म्हणणं आहे?"

"पैसा सरकारी आहे. पण ते सोडा. मी म्हटलं म्हणून तुम्ही मानणार नाही, आणि मानूही नका." तिनं पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. "माझ्या कामात एक माणूस लागतो, ज्याला एकट्यालाच खरं ठाऊक असतं आणि जो गप्प बसतो. मी संस्थेतला कुणीतरी घेणार होते. त्यापेक्षा तुम्ही या. मला चोर म्हणणाऱ्याच्याच खिशात किल्ली राहू दे."

"कुलूप पण माझंच असणार," मी म्हणालो.

आक्काला सांगितलं तर ती भांडी घासता घासता थांबली. "माज्या डोस्क्यासाठी उंदीर मारत्यात?"

"तुझ्यासाठी न्हाई गं. त्यांचं आधीपासनं ठरलंय."

"पण तू किल्ली धरणार."

"धरणार."

"मग नीट धर," ती म्हणाली. "जीव जाणार असतील तर निदान फुकट तरी जाऊ देऊ नगंस." आम्ही जैन. आक्का मुंगी चुकवून चालणारी बाई. त्या दिवसापासून तिनं चतुर्दशीच्या उपासाला आणखी एक उपास जोडला.

दर सोमवारी मी संस्थेत जायचो. एप्रन, टोपी, तोंडाला फडकं, पायात त्यांच्या चपला. दारातून आत शिरलं की उजवीकडच्या भिंतीला कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, डावीकडच्या भिंतीवर पिंजऱ्यांच्या वर एक मोठं गोल घड्याळ. सॅमसन उंदरांना बेसिनवाले आणि घड्याळवाले म्हणायचा. मी वळून कुलूप बघायचो, पट्टीवरचा तुटका 'भ' बघायचो, आणि मग बेसिनवाल्यांकडं बघत उभा राहायचो.

ते मरगळत चालले होते. मला स्पष्ट दिसत होतं. केस विस्कटलेले, डोळ्यांभोवती लाली, एकमेकांत डोकं घालून पडलेले. घड्याळवाले कसे तुरुतुरु फिरत होते. माझ्या छातीत एकाच वेळी आग आणि आनंद. वाटायचं, आक्का, तुझं डोकं हे असं पोखरतंय आणि आता माझ्याकडं पुरावा आहे.

एका सोमवारी मॅडम आत आल्या, माझ्याकडं नजर गेली तशी त्यांनी पाठ फिरवली.

"चौगुले, भिंतीकडं तोंड करा."

"का? मी काय केलं?"

"तुम्ही एकाच बाजूला बघताय. फडक्यावरून डोळे दिसतात तुमचे. मला काहीही कळता कामा नये. सॅमसन, यांना इथून पुढं कुलूप दाखवायचं आणि लगेच बाहेर काढायचं. मी असताना तर आत आणायचंच नाही."

"म्हणजे माझं तोंड पण पुरावा?"

"तुमचं तोंड तर फार मोठा पुरावा आहे," त्या भिंतीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "म्हणून तर ते मला बघायचं नाही."

सॅमसन फडक्याआड खुदखुदत होता. मी तोंड फिरवून उभा. मी आणि ती बाई, दोघंही एकमेकांकडं पाठ करून. मला वाटलं, ही बाई येडी आहे. घरी जाताना मात्र दुसरंच डोक्यात फिरत राहिलं. जगात सगळे हळूच डोकावून बघतात. परीक्षेला बसलेलं पोर बघतं, मतमोजणीला बसलेला पुढारी बघतो. हिच्यासमोर उत्तर माझ्या डोळ्यांत उघडं होतं, आणि ही पाठ फिरवते.

मग गाठी तपासायला उंदरांना झोपवून मारलं. त्या दिवशी मी गेलो नाही.

नंतर एकदा मॅडमनी बोलावलं. त्यांच्यासमोर दुर्बीण होती, डोळा लावून बारीक बघायची. काचपट्ट्यांवर नुसते आकडे. कुठला आकडा कुठल्या भिंतीचा ते सॅमसनला ठाऊक, कुठल्या भिंतीला लहरी ते मला. मॅडमना दोन्हीतलं काही नाही. त्या आंधळ्यासारख्या एकेक काच लावून गाठ मोजत होत्या.

"बघायचंय?" त्यांनी खुर्ची सोडली.

मी डोळा लावला. आधी नुसता जांभळा धूर. त्यांनी चक्र फिरवलं आणि एकदम सगळं लख्ख झालं.

मी आयुष्यभर बारीक अक्षर बघितलंय. पण एवढं बारीक, एवढं नेटकं जुळवलेलं काही बघितलं नव्हतं. गुलाबी कागदावर जांभळे ठिपके, ओळीत, थरात, मध्ये योग्य तेवढी मोकळी जागा. उंदराचा मेंदू. नखाएवढ्या त्या डोक्यात कुणी इतकी सुंदर जुळणी करून ठेवली होती.

"आता उजवीकडं सरकवते," मॅडम म्हणाल्या.

जुळणी बिघडली. ओळी मोडल्या. एकच खिळा, तोच तोच, कुणीतरी मूठ मूठ भरून ओतत सुटलं होतं. मधली जागा खाऊन टाकलेली. ओळीतल्या बाकीच्या अक्षरांना ढकलून, चेंगरून तो एकच खिळा चौफेर पसरत होता. त्याला वाचायचं काही नव्हतं. नुसतं भरत जायचं होतं.

"ही गाठ," मी म्हणालो.

"ही गाठ."

"आक्काच्या डोक्यात हेच?"

"नाही. आक्कांची गाठ वेगळ्या जातीची, सावकाश वाढणारी. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. उंदराचं उत्तर माणसाला जसंच्या तसं लागत नाही. आणि एका प्रयोगानं जगाचा निकाल लागत नाही."

"मग करता कशाला?"

मॅडमनी पुढची काच उचलली. "कुणीतरी एक वीट तरी नीट ठेवायला नको का?"

निकालाचा दिवस आला. उंदरांच्या रिकाम्या पिंजऱ्यांच्या खोलीतच आम्ही तिघं जमलो. पांढरा फळा आत आणला होता. सॅमसननं आकडे वाचले, मॅडमनी मांडले. बेसिनवाल्यांच्या गाठी घड्याळवाल्यांपेक्षा थोड्या मोठ्या निघाल्या होत्या.

माझे कान तापले. पत्रकाचा मथळा डोक्यात जुळून तयार. हातात किल्ली घट्ट धरलेली.

मॅडमनी खाली गणित केलं, पेन थांबवलं, आणि फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं: 'फरक दिसला नाही.' खाली सही केली. सॅमसनकडं पेन दिलं. त्यानंही केली.

"थांबा," मी म्हणालो. "फरक तर समोर दिसतोय."

"एवढा फरक योगायोगानंही पडतो. उंदरांची दोन घरं कशीही केली तरी एका घरातल्या गाठी थोड्या मोठ्या निघणारच. याहून मोठा फरक असता तर मी लिहिलं असतं. किती मोठा, ते आम्ही सुरू करायच्या आधीच ठरवलं होतं."

"कुलूप उघडायच्या आधीच निकाल लावला? मग माझं कुलूप काय शोभेला?"

"कुलूप यासाठीच आहे. उघडल्यावर लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, भिंत बघून लिहिलं."

"मी आत्ताही म्हणतो," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तुम्ही विकल्या गेलाय. ऐका, लहरी बेसिनच्या भिंतीला होत्या. मी लावल्यात, या हातानं. ती जनावरं मरगळलेली मी दर सोमवारी बघितलीत. कोर्टात शपथेवर सांगीन. माझी बहीण आंधळी व्हायला लागली आहे आणि तुम्ही फळ्यावर योगायोग लिहिताय."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण त्या एवढंच म्हणाल्या, "उघडा."

मी पेटीसमोर गेलो. पट्टी जशीच्या तशी. 'भ'चा कोपरा तुटका, माझाच. पट्टी फाडली, कुलूप काढलं, झाकण उघडलं. पिन उजव्या भोकात.

"बघा," मी म्हणालो. "उजवं. दोघंही या आणि डोळ्यांनी बघा."

दोघं आले, बघितलं. मग सॅमसन हळू आवाजात म्हणाला, "काका, वळू नका. आहे तसंच पेटीकडं तोंड ठेवा. आता उजवा हात बाजूला लांब करा."

मी हात लांब केला.

"आता फक्त मान वळवा. हाताच्या टोकाला काय आहे ते बघा."

मी मान वळवली.

माझ्या बोटांच्या टोकाशी घड्याळ होतं.

मी तसाच उभा राहिलो. दारातून आत येताना उजवीकडं बेसिन. पण पेटी दाराशेजारी. तिच्यापुढं उभं राहायचं तर खोलीकडं पाठ करायची, आणि पाठ केली की उजवी भिंत डावी होते, डावी उजवी. चौतीस वर्षं उलटं वाचणारा मी. खोली उलटी झाली ते मला कळलं नव्हतं.

"खोटं आहे," मी म्हणालो. सॅमसननं वाद घातला नाही. त्यानं वीज सुरू केली, हातातला छोटा मीटर घेऊन बेसिनच्या अँटेनाजवळ गेला. काटा पडून राहिला. घड्याळाच्या अँटेनाजवळ गेला. काटा उडी मारून पलीकडं टेकला.

मग ती मरगळ? विस्कटलेले केस, लाल डोळे? दर सोमवारी मी उभा राहून बघितलेलं ते सगळं? गाठी दोन्ही भिंतींच्या उंदरांना होत्या, दोन्हीकडची जनावरं सारखीच मरत होती. बेसिनवाल्यांना लहरींचा थेंबही मिळाला नव्हता. जास्तीचं जे काही त्यांच्यावर पडलं, ते माझ्या डोळ्यांतून पडलं होतं. आणि मी शपथ घेणार होतो. खोटी नव्हे, खरी समजून.

पण माझा राग एवढ्यानं मरणारा नव्हता. त्यानं दुसरी वाट शोधली. "म्हणजे लहरी मिळाल्या त्यांच्या गाठी लहान," मी मॅडमना म्हणालो. "आता लिहा की, मोबाईलनं गाठ कमी होते. कंपनीवाले पालखीत बसवतील तुम्हाला."

मॅडमनी फळ्याकडं बोट केलं. 'फरक दिसला नाही.' खाली दोन सह्या. शाई वाळलेली.

"मघाशी तुम्ही ज्यासाठी मला विकाऊ म्हणालात," त्या म्हणाल्या, "त्यानंच आता कंपनीचं तोंड बंद होतंय."

मी फळा बघत राहिलो. देवळात मी लहानपणापासून हात जोडतो, पण आत काही हललं असं क्वचितच. त्या खोलीत, उंदरांच्या मुताच्या वासात, हललं. एका माणसानं स्वतःचे हात स्वतः बांधून घेतले होते, उत्तर कुठल्या बाजूला पडेल ते माहीत नसताना. माझ्या बाजूला पडलं असतं तरी तेच, कंपनीच्या बाजूला पडलं तरी तेच. असलं काही माणसाला जमतं हे मला ठाऊकच नव्हतं.

"तुम्हाला काय वाटत होतं?" मी विचारलं. "मनातून?"

"मला वाटत होतं, लहरींनी गाठ वाढेल," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर प्रयोग मांडला. तुमच्यापेक्षा मला जास्त खात्री होती." आणि त्या बेसिनकडं जाऊन हात धुवायला लागल्या. खूप वेळ धुवत होत्या.

तिथून मी थेट आक्काकडं गेलो. ती पोळपाटावर भाकरी थापत होती. डावीकडचं पीठ सांडलेलं, तिला दिसलेलं नव्हतं.

"काय निगालं?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. पेटी, पाठ, हात, घड्याळ. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"तुला ल्हानपणी मीच शिकिवलं हुतं," ती म्हणाली. "ज्या हातानं जेवतूस तो उजवा. एवढंच शिकिवलं. कुटं तोंड करून उभा हाईस ते बी बघावं लागतं, ते शिकवायचं ऱ्हायलं."

"आक्का, टॉवरनं गाठ वाढत न्हाई असं नव्हं. पण वाढती असं बी न्हाई दिसलं. त्या बाईलाच ठाऊक न्हाई. मला तर मुळीच न्हाई."

"आणि उंदीर?"

"गेले. समदे."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कडेनं दाबली. पदरानं डोळे पुसले, चुलीच्या धुरानं असेल किंवा नसेल.

"एवढ्या जिवांनी मरून सांगितलं, की भूपाला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "मग मी कुणाची वाट बघत बसलीय? चल, जेव. उद्या दवाखान्यात नंबर लाव."

ऑपरेशन झालं, गाठ काढली. डावीकडचा उजेड सगळा नाही, पण बराच परत आला. टॉवर अजून तिथंच आहे, आणि परवानगीशिवाय उभा केला म्हणून त्याच्याविरुद्ध माझं भांडणही अजून चालू आहे. त्या भांडणाच्या पत्रकांत आक्काची गाठ मी परत कधी छापली नाही.

आक्का त्याच टॉवरच्या सावलीत सांडगे वाळत घालते. आणि दरवर्षी पर्युषणात, क्षमा मागायच्या दिवशी, साऱ्या गल्लीची, सुनांची, माझी क्षमा मागून झाली की ती मला खोलीच्या मधोमध उभं करते.

"आता बेसिनवाल्यांची," ती म्हणते.

मी त्या बाजूला वळतो, हात जोडतो.

"आता घड्याळवाल्यांची."